आरशामागचे आतोबा

आमच्या आतोबांना भविष्यकाळाची जेवढी घाई होती तेवढी खुद्द भविष्यकाळालाही नसावी. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, अंगानं काटक, डोक्यावरचे पांढरे केस कायम उभे, आणि खिशात कुठल्यातरी मासिकातून कापून घेतलेलं एखादं पान. माणसाच्या छातीत यंत्राचं हृदय धडधडेल, आंधळ्याला यंत्रानं दिसायला लागेल, दोन गावची माणसं एकमेकांचं तोंड बघत फोनवर बोलतील आणि अंगावर एक पातळ कापड घेतलं की माणूस कुणाच्या नजरेला पडणार नाही, यातल्या कशाहीबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका असलीच तर एवढीच, की या गोष्टी आधी सांगलीला पोचतील का मिरजेला. बाकीची माणसं पाहुण्यांची वाट बघतात तशी ते यंत्रांची वाट बघायचे, आणि पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो तसं त्यांनी अख्खं घरच यंत्रांच्या सोयीनं बांधून घेतलं होतं.

विश्रामबागेतल्या त्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा होता. तो चेहरा दाखवणाऱ्या फोनसाठी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर बरोबर यावा म्हणून आतोबांनी गवंड्याला तो तीनदा पाडून पुन्हा करायला लावला होता. घरात तेव्हा साधा फोनसुद्धा नव्हता, अर्ज करून नंबर लागायची वाट चालली होती. आत्यानं त्या कोनाड्यात दाण्याच्या कुटाचा डबा ठेवला. गच्चीला तीन बाजूंनी कठडा होता आणि चौथी बाजू उडत्या मोटारीला उतरता यावं म्हणून मोकळी सोडलेली. कुणी पडू नये म्हणून आत्यानं त्या बाजूला जुनी बाज आडवी टाकली आणि तिच्यावर पापड वाळत घातले. बोळातलं लांबोडकं कपाट माणसाच्या सुट्या अवयवांसाठी होतं. हात बिघडला की दुसरा काढून बसवायचा, अशी योजना. त्यात आत्याचा सोऱ्या, मोदकपात्र आणि पुरणयंत्र राहायचं. "पुरणयंत्र हेही यंत्रच आहे की," ती म्हणायची, "आणि हे आलेलं आहे. येणार म्हणून सांगत नाही बसलेलं." आतोबांना हे टोमणे लागायचे नाहीत. "तुझं सामान तात्पुरतं आहे," ते शांतपणे म्हणायचे.

शाळेतही त्यांचं असंच. बाकीचे चित्रकला शिक्षक मुलांना 'बाजाराचा देखावा' काढायला सांगतात. यांनीही सांगितला, पण भाजीवाल्या बाईला पोलादी हात हवा, आणि तो हात वांगी तोलताना वांग्याला डाग पडणार नाही इतक्या बेतानं धरलेला दिसला पाहिजे, ही अट. एसटी स्टँड काढायचा तर गाडी जमिनीपासून वर. "चाकं काढलीस? मग मार्क काढतो," असं ते म्हणत. हेडमास्तरांनी एकदा त्यांना बोलावून विचारलं की मास्तर, पोरं परीक्षेला बसतात, परीक्षक काय म्हणतील. आतोबा म्हणाले, "आत्ता हसतील. पुढं त्याच गाडीतून घरी जातील." मुलं मात्र त्यांच्या तासावर जीव टाकायची. त्यांच्यातला एक मोठा होऊन कुपवाडला लोखंडी कपाटं बनवायला लागला, आणि आतोबांच्या कल्पनांना आयता कारखाना मिळाला. त्या बिचाऱ्यानं आपल्या सरांना कधी नाही म्हटलं नाही. आत्याची अर्धी काळजी त्याच्यामुळं होती.

मी साताऱ्याची. टेलिफोन खात्यात नोकरी लागली, आधी कोरेगावला होते, मग नव्वदच्या पुढे केव्हातरी सांगलीला बदली झाली. खोली वेगळी घेतली होती, पण रविवारचं जेवण आत्याकडे हे ठरलेलं. आतोबा मला फार मानायचे, कारण मी त्यांच्या लेखी भविष्यकाळाच्या कचेरीत कामाला होते. आल्या आल्या विचारायचे, "काय म्हणतंय खातं? चेहऱ्याचं काही हललं का?" मी म्हणायचे, "आतोबा, अजून आवाजच नीट जात नाही." यावर ते मान हलवायचे, जणू मीच कामचुकारपणा करत होते.

एकदा आम्ही तिघं कुंडलला एका लग्नाला गेलो. तिथं मांडवात फौजेतून परतलेले एक गृहस्थ बसले होते, त्यांना गुडघ्याखाली लाकडी पाय होता. आतोबांनी तो पाहिला आणि झालं, लग्न राहिलं बाजूला. अक्षता हातात तशाच, आणि हे त्या पायासमोर मांडी घालून बसले. सांधा कसा फिरतो, पट्टा कुठं आवळतो, घाम आला तर काय, एकेक विचारत होते. पंगत बसली, उठली, दुसरी बसली. शेवटी ते फौजीच म्हणाले, "आवं, जेवा की आदी. पाय कुठं पळून चाललाय व्हय?" आतोबांनी जेवता जेवता आणखी एक विचारलं, थंडीत दुखतो का. फौजी म्हणाले, "ह्यो न्हाई दुखत. लाकडाला काय कळतंय. जो पाय न्हाई ना, त्यो दुखतो लय." परतीच्या गाडीत आतोबा एक अक्षर बोलले नाहीत. बोलत सुटलेल्या आतोबांना थांबवायला त्या घरात आजवर कुणाला जमलं नव्हतं. ते त्या एका वाक्यानं केलं.

त्याच सुमाराला आत्या बदलायला लागली, असं आतोबांचं म्हणणं. म्हणजे सुधारायला लागली. आधी पेपर आला की तो पहिला तिच्या हातात जायचा आणि शब्दकोडं सोडवून झाल्याशिवाय यांना मिळायचा नाही. आता ती म्हणायला लागली, "तुम्हीच वाचून दाखवा." आणि पेपरच नाही, त्यांच्या मासिकातली ती यंत्रांची पानंही ती भाजी मोडत मुकाट ऐकायची. आतोबांना आभाळ ठेंगणं झालं. "इतकी वर्षं लागली," ते मला अभिमानानं म्हणाले, "पण तिला गोडी लागली शेवटी." भातात खडे यायला लागले होते, पण त्याचं खापर ते वाण्यावर फोडत. दारातली रांगोळी बंद झाली होती, आत्या म्हणाली गुडघे धरतात. मीही ते खरं मानलं. रविवारी जाऊन पोटभर जेवणाऱ्या माणसाला असं काही दिसत नाही.

मग अदृश्य होण्याचं वेड आलं. कापड मिळेपर्यंत कशाला थांबायचं, असा विचार करून आतोबांनी कुपवाड गाठलं आणि दोन उभे आरसे लोखंडी चौकटीत बसवून, मधे बिजागरी लावून, पुस्तक अर्धं उघडून उभं करावं तसं एक प्रकरण करून घेतलं. त्यांचा तो विद्यार्थी टेंपोतून ते घेऊन आला तेव्हा मी तिथंच होते. "सर, दाडी करायला एवढा मोटा आरसा?" त्यानं विचारलं. आतोबा म्हणाले, "दाढी करणारा दिसूच नये म्हणून." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मला काय उमगलं न्हाई, पर सरांनी सांगितलं म्हंजे काय तरी आसंल." कल्पना अशी होती, की बोळाच्या दोन्ही भिंती एकाच फिक्या हिरव्या रंगाच्या. आरशांची कड समोर ठेवून मागं उभं राहिलं की आरशांत बाजूच्या भिंती दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पुढं नुसती भिंतच आहे. वाटायला हरकत नव्हती. पण उंच आरसे दारातून आत येईनात म्हणून ते छातीपर्यंतच करावे लागले होते, त्यामुळं वरून आतोबांचं डोकं दिसायचं आणि चौकटीखालून पाय. "तो तपशिलाचा प्रश्न आहे," आतोबा म्हणाले.

आठवड्याभरात एका दुपारी ते सायकल हाणत आमच्या कचेरीत आले. खिडकीतून आत वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"अदृश्य झालो. सकाळपासून तुझी आत्या दोनदा समोर आली. सरळ माझ्याकडे बघितलं आणि विचारतेय, कुठं गेले हे."

"रागावली असेल, आतोबा."

"रागावल्यावर ती बघतच नाही माझ्याकडे. हे बघितलं आणि दिसलो नाही. त्यात फरक आहे." चाळीस वर्षांच्या संसाराचा हा त्यांचा अनुभव होता. मी सुटी टाकून त्यांच्याबरोबर गेले. मनात म्हटलं, आत्या यांची गंमत करतेय आणि आज मी तिला पकडणार.

बोळाच्या एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला परसदार. परसदार उघडं होतं, दुपारचा लख्ख उजेड आत येत होता. आतोबा चपला काढून, पाय न वाजवता आरशामागं जाऊन उभे राहिले. मला ते स्वच्छ दिसत होते. उभे केस, उत्सुक डोळे, खाली धोतराचा काठ. मी आत्याला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, बोळात नीट बघितलं आणि म्हणाली, "तू एकटीच? हे नाही आले? चहा टाकलाय त्यांचाही." आरशावरून आतोबांच्या भुवया वर गेल्या, बघितलंस, असं त्या म्हणत होत्या. आत्या आत वळली. मी पुढं झाले, ते आरसे मिटवून भिंतीला टेकवून ठेवले आणि आतोबांना खुणेनं सांगितलं, आता हलू नका. आता आत्याचं सोंग टिकतं कसं तेच बघायचं होतं.

आत्या कपबशी घेऊन आली. आतोबा तिच्यापुढं चार पावलांवर, मधे काही नाही, पांढरा सदरा घालून उघडे उभे होते. तिनं त्यांच्या दिशेनंच बघितलं. "आले का गं?" तिनं मला विचारलं. "आज चपला वाजल्या नाहीत." मग कपबशी माझ्यापुढं केली, ती माझ्या हातापासून वीतभर बाजूला. मी ती घ्यायची विसरले, तिच्या डोळ्यांकडेच बघत राहिले. आतोबांनी आपला हात वर करून हळूच हलवला. आत्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र जे उमटलं ते मी अजून विसरलेले नाही. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला हरलेलं बघितलं नव्हतं.

"अगं, मी इथंच आहे," ते म्हणाले.

आत्याच्या हातातला चहा बशीत सांडला. "अस्सं होय," ती म्हणाली. "उजेड पाठीशी घेऊन उभे राहिलात, म्हणून दिसला नाहीत."

मग सगळं बाहेर आलं. वर्ष होऊन गेलं होतं. डोळ्यांवर सायीसारखं काही धरलं होतं आणि ते दाट होत चाललं होतं. मीठमसाल्याचे डबे हातानं कळायचे, माणसं आवाजानं. मासिकातली पानं ती ऐकायची ती गोडी लागली म्हणून नव्हे, स्वतः वाचता येत नाही हे झाकायला. मी म्हटलं, आत्या, मोतीबिंदू असेल, मिरजेला दाखवू. ती एकदम म्हणाली, "नको." तिच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा एक डोळा कायमचा गेला होता, आणि दुसऱ्यावर जाडजूड भिंगांचा चष्मा आला तरी उंबरा कुठं आहे ते कळायचं नाही. आत्यानं ते जवळून बघितलेलं. "मला उजेड-अंधार कळतो," ती म्हणाली. "यांची खाकरणी कळते. तेवढं पुरतं मला. आहे तेही घालवायचं नाही." आतोबा खाली मान घालून बसले होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "मी मूर्ख, आनंदानं सायकलवरून गावभर सांगत सुटलो."

तरी मी दोघांना मिरजेला नेलं. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी एक डबी उघडून दाखवली. आत डाळीच्या दाण्याएवढं पारदर्शक भिंग, दोन बाजूंना केसासारखे वाकडे पाय. आतला गढूळ झालेला भाग काढायचा आणि त्या जागी हे बसवायचं, म्हणजे जाड चष्मा लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. जन्मभर डोळ्यातच राहील म्हणाले. आणि जोखीम नाहीच असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं. मी आतोबांकडे बघितलं. ज्या गोष्टीसाठी या माणसानं घरात कपाट बांधून ठेवलं होतं ती त्यांच्यासमोर टेबलावर पडली होती. त्यांनी डबीला हातसुद्धा लावला नाही. "अजून जरा सुधारणा होऊ दे की यात," ते म्हणाले. "चार-पाच वर्षं थांबायला काय हरकत आहे?" डॉक्टर म्हणाले, तोवर अवघड होऊन बसेल. यावर आतोबांनी त्यांच्याकडे अगदी गंभीरपणे मागणी केली, "मग आधी माझ्या डोळ्यात बसवून बघा. नीट चाललं तर हिच्या बसवू." डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि म्हणाले, "काका, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. चांगल्या डोळ्याला मी हात लावणार नाही."

परतताना गाडीत आतोबा खिडकीबाहेर बघत होते आणि आत्या मधे बसली होती. विजयनगरच्या आसपास ती बोलली. "माझं सगळं आयुष्य ऐकत आले, येणार, येणार. कोनाडे केले, कपाटं केली, कठडा ठेवला नाही. आणि आता आलंय तर तुम्हीच दारात आडवे उभे?"

"तुझा डोळा आहे तो," आतोबा म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांचाच का असं वाटावं. "मासिकातला नाही."

"म्हणूनच म्हणते. मला भीती वाटते ती वाटतेच. पण तुम्ही भ्यालात ना, तर मला धरायला काही राहत नाही." मग जरा वेळानं म्हणाली, "करून घेऊ."

ऑपरेशनच्या दिवशी आतोबा बाहेरच्या बाकावर बसले होते. हातात मासिक होतं, उलटं धरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा ते पलंगापासून दूर, भिंतीला चिकटून उभे होते. आपणहून पुढं जायचं धैर्य नव्हतं त्यांच्यात. आत्यानं डोळा हळूहळू उघडला. पाणी आलं, ते टिपलं. तिनं डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. बराच वेळ बघत राहिली.

"वरून दुसरं बटण तुटलंय सदऱ्याचं," ती म्हणाली. आणि मग, "किती म्हातारे झालात हो." आतोबा तिथंच रडले, सगळ्यांदेखत, रुमाल न काढता. मीही रडले. आत्या तेवढी शांत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं डोळ्यात पाणी आणायचं नाही, आणि ती सांगितलेलं ऐकणारी बाई होती.

घरी आल्यावर, ताकीद दिलेले दिवस संपल्यावर, आतोबांनी आपण होऊन ते आरसे पुन्हा बोळात मांडले. परसदार सताड उघडं टाकलं. चपला काढून मागं जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, बोलाव तिला. मी बोलावलं. आत्या दारात आली, हात पदराला पुसत तिनं बोळात नजर टाकली.

"डोकं दिसतंय," ती म्हणाली. "पाय दिसतायत. आणि आरशाला सगळी बोटं लागलीत, ती पुसा आधी."

शोध सपशेल फसला होता, आणि इतका आनंदी संशोधक मी दुसरा बघितलेला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कुपवाडच्या विद्यार्थ्याच्या हातावर ठेवला तेव्हा तो म्हणाला, "सर, मशीन फेल गेलं म्हणून पेडं वाटनारा मानूस मी आजच बघतोय." तरी त्यानं खाल्ला, आणि आणखी एक मागून घेतला.

त्यानंतर आतोबा भविष्यकाळाबद्दल थोडं कमी बोलायला लागले. घाई जरा ओसरली. दुसऱ्या डोळ्यात भिंग बसलं तेव्हा त्यांनी ती डबी मात्र हातात घेऊन, उजेडाकडे धरून मनसोक्त बघितली. पेपर पुन्हा आधी आत्याच्या हातात जायला लागला. मासिकातली पानं ते तरीही वाचून दाखवायचे, आणि ती तरीही ऐकायची. का ते मी कधी विचारलं नाही.

आता ते नाहीत. माझी बदली साताऱ्याला झाल्यावर काही वर्षांनी ते गेले, फार त्रास न होता. मागच्या दिवाळीत मी आत्याकडे गेले होते. दाण्याच्या कुटाचा डबा आता ओट्यावर असतो. कोनाड्यात मोबाईल उभा करून ठेवतात, कारण खुर्चीत बसलं की तो बरोबर तोंडासमोर येतो. माझी मुलगी परगावाहून त्यावर तिच्याशी बोलते, आणि आत्या तिला वाळलीस म्हणून दटावते. मला त्या गवंड्याची आठवण झाली, तीनदा कोनाडा पाडणाऱ्या.

दुपारी आत्या दारापाशी ताट घेऊन तांदूळ निवडत बसली होती. बोळात परसदाराचा तोच उजेड होता. मी विचारलं, डोळे कसे आहेत. "चांगलं बसवलंय गं भिंग," ती म्हणाली. "सगळं दिसतं. भिंतीला आरसे टेकवायचे ना ते, त्याचा ओरखडासुद्धा दिसतो इथनं." ती त्या बाजूला बघत राहिली.

"या वेळी मात्र त्यांना जमलं," ती म्हणाली, आणि ताटातला खडा वेचून बाजूला टाकला.